जर्मनीतला स्वयंरोजगार: एक नाव, दोन वाटा
जर्मनीत नोकरीशिवाय, स्वतःच्या कामावर राहायचं तर 'फ्रीलान्स व्हिसा' काढला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. नोकरी नाही म्हणजे फ्रीलान्सर, हा समज साहजिकच. पण तिथल्या निवास कायद्याचं कलम 21 स्वयंरोजगाराचे दोन प्रकार मानतं: 'फ्रायबेरूफ' (मुक्त पेशा: डॉक्टर, वास्तुविशारद, पत्रकार, अनुवादक, कलावंत, शिक्षक) आणि 'गेवेर्बे' (व्यापार-धंदा).

आपल्याकडे वकील आणि किराणा दुकानदार दोघंही स्वतःचे मालक. तरी एकाला सनद लागते, दुसऱ्याला शॉप ॲक्टची नोंद. तसंच हे. बर्लिनमध्ये पुरणपोळीचे वर्ग घेतले तर ते बहुधा शिकवणं. तीच पोळी डब्यात भरून विकली की गेवेर्बे. मग त्या भागाला धंद्याची गरज आहे, अर्थव्यवस्थेला फायदा होईल आणि भांडवलाची सोय झाली आहे, हे दाखवावं लागतं. मुक्त पेशाला गरज-फायद्याची ही परीक्षा नाही. मात्र पेशाला परवाना लागत असेल तर तो हवा. (सॉफ्टवेअरवाले बिचारे या दोन प्रकारांच्या मधल्यामध्ये लटकतात.) वय 45 च्या पुढे असेल, तर म्हातारपणाची तरतूद कुठे आहे, हेही विचारतात. निवासपरवाना सुरुवातीला जास्तीत जास्त 3 वर्षांचा.