साडेसातचं नाटक आणि रात्री एकचा पब

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं सकाळी बेंगळुरूला उतरलेल्या बाबांनी चहा घेता घेता पहिला प्रश्न टाकला, "शनिवारी रात्री फोन केला की मागं एवढा गोंधळ कसला असतो रे?" बेळगावात, आमच्या टिळकवाडीच्या गल्लीत, दहानंतर कुत्री तेवढी जागी असतात. मी म्हटलं, "मित्राचा कार्यक्रम असतो." खोटं नव्हतं ते. फक्त कार्यक्रम पबमध्ये असतो, हे मी बरीच वर्षं घरी सांगितलं नव्हतं.

आपल्या मंडळातली कितीतरी मुलंमुली आता पुण्याऐवजी बेंगळुरूची नोकरी घेतात. घरच्यांना 'पब' म्हटलं की फक्त बाटली दिसते. म्हणून थोडं आतलं सांगतो.

'पब सिटी' हे नाव या शहराला आयटी कंपन्यांची गर्दी होण्याआधी, १९८०च्या दशकाच्या शेवटी पडायला लागलं. रेस्ट हाऊस रोडवरचं पेकोस १९८९चं. भिंतीभर जुन्या रॉक बँडची पोस्टरं आणि जुनीच गाणी. पुढे २०१० मध्ये इंदिरानगरात टॉइट आलं, आणि काचेमागे पोलादी टाक्या मांडून जागेवरच बिअर करणाऱ्यांची रांग लागली. व्हाइटफिल्डच्या विंडमिल्समध्ये एका बाजूला पुस्तकांच्या भिंती आणि समोर जॅझचा रंगमंच आहे. तिथे बोलणाऱ्यांपेक्षा ऐकणारे जास्त. मला विचाराल तर तेवढी एकच जागा आईबाबांना बिनधास्त दाखवावी अशी.

पण खरी गोष्ट गाण्याची आहे. माझा रूममेट दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा आणि शुक्रवार-शनिवार बँडमध्ये गिटार वाजवायचा. चौघांत मिळून जे पैसे यायचे, त्यातले निम्मे अ‍ॅम्प्लिफायर आणायच्या-न्यायच्या टेम्पोत जायचे. तरी तो सोमवारपासून शुक्रवारची वाट बघायचा.

२०१८ मध्ये हे एकदम थांबलं. शहर पोलिसांचा २००५ चा एक आदेश होता: सार्वजनिक करमणुकीच्या जागांना वेगळा परवाना हवा. त्याचा रोख मुख्यतः डान्स बार आणि कॅबरेवर, पण 'लाइव्ह बँड'ही त्याच जाळ्यात. पबवाल्यांची बाजू सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयानं आदेश कायम ठेवला. मग परवाना मागायला सुरुवात झाली. परवान्यासाठी अग्निशमनाचा दाखला हवा, इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र हवं. इंदिरानगरातल्या कितीतरी जागा मुळात राहती घरं. त्यांच्याकडे हे प्रमाणपत्र असणार कुठून? अनेक पबांनी सरळ स्टेज उचललं. रूममेटचे ठरलेले चार कार्यक्रम एका आठवड्यात रद्द झाले. द हमिंग ट्री ही नव्या बँडना जागा देणारी, २०१३ मध्ये सुरू झालेली जागाही २०१९ मध्ये बंद झाली.

त्यावेळी मी पोलिसांना आणि तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. नंतर मीच एका पबच्या मागच्या गल्लीत वर्षभर भाड्यानं राहिलो आणि तोंड बंद झालं. नियमानुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बँडसमोरच्या टेबलावर मी मोबाइलवर मोजला तेव्हा आकडा शंभरच्या आसपास होता. डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही: दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यात बासचा सूर खिडकी लावून अडत नाही. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते. आपली साधी काच तिच्यापुढे काय टिकणार? पलंगाला हात लावला तर ठोका कळायचा. आणि हो, कानांचंही सांगून ठेवतो. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ साधारण पंधरा मिनिटांची धरतात. खिशात इअरप्लग ठेवा, हसणारे हसू देत.

परत येण्याचंही एक त्रांगडं आहे. पब रात्री एकपर्यंत चालतात, मेट्रो अकराच्या सुमारास आवरती घेते. मधल्या वेळात रिक्षावाले म्हणतील तो दर. पण दोन घोट घेतले असतील तर तोच द्या. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तर बाबा. त्यांना मी रंगशंकरला न्यायचं ठरवलं. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर कामं केलेले आणि 'मालगुडी डेज' करणारे शंकर नाग १९९० मध्ये दावणगेरेजवळच्या अपघातात गेले. त्यांचं नाट्यगृहाचं स्वप्न अरुंधती नाग यांनी २००४ मध्ये जे. पी. नगरात उभं केलं. तिथला नियम प्रसिद्ध आहे: नाटक ठरल्या वेळी, साडेसातला म्हणजे साडेसातला, आणि उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही. मी ऑफिसातून अर्धा तास उशिरा निघालो, सिल्क बोर्डच्या चौकात अडकलो आणि आम्ही सात पस्तीसला दाराशी. बाबा रागावले ते माझ्यावर. "नियम बरोबर आहे की! तुलाच वेळेचं भान नाही."

परत घरी कुठे जाणार? जवळच्याच एका पबमध्ये बँड होता. धीर करून म्हटलं, "चला, मित्राचा कार्यक्रम कसा असतो ते दाखवतो." बाबांनी लिंबूसोडा मागवला आणि खुर्चीच्या टोकावर बसले. दोन इंग्रजी गाणी त्यांनी घड्याळाकडे बघत काढली. तिसऱ्याला गायकानं कन्नडमध्ये शिशुनाळ शरीफांचं पद धरलं, ड्रम-गिटारसकट. धारवाड आकाशवाणीवर लहानपणापासून ऐकलेलं ते पद! बाबांचा हात टेबलावर ताल धरायला लागला. अंतरा संपल्यावर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "पोरगा सुरात आहे. पण तो आवाज जरा कमी करा म्हणावं, शब्द कळंना झालेत."

रिक्षात त्यांनी रूममेटची चौकशी केली. तो आता शनिवारी मुलांना गिटार शिकवतो आणि परवाना असलेल्या एका जागी महिन्यातून एकदा वाजवतो, असं सांगितलं. "पैसे मिळतात का रे पोराला?" मी टेम्पोचा हिशेब सांगितला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईला मी सांगतो. तू मध्ये बोलू नको."

पुढच्या महिन्यात दोघंही येणार आहेत. नाटकाची तीन तिकिटं काढलीत. निघायचं पाचला.