मरणाच्या दारातून परतलेले

हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेला माणूस कधी कधी सांगतो, "मी मोठा उजेड पाहिला." हॉलंडमधील डॉक्टरांनी अशा ३४४ रोग्यांची विचारपूस करून २००१ साली ती प्रसिद्ध केली. ६२ जणांना असे काही आठवत होते, बाकीच्यांना नाही. मग त्या बाकीच्यांना स्वर्ग नाही की काय? तसे नव्हे. बायबलातला लाजर चार दिवस कबरेत होता. येशूने त्याला उठवले. पण त्याने तिकडे काय पाहिले, याविषयी शुभवर्तमानात चकार शब्द नाही. ख्रिस्ती माणसाची आशा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावर उभी आहे, कुणाच्या अनुभवावर नव्हे. तेव्हा घरातले कुणी असे सांगू लागले, तर हसू नका, त्याचे देव्हारेही माजवू नका. जवळ बसून ऐकून घ्या.