‘धोका’ ठरवायचा कोणी?

राज्यघटनेचे ३५२ वे कलम ‘थ्रेटन्ड’ या एका इंग्रजी शब्दावर उभे आहे. युद्ध, परचक्र किंवा सशस्त्र बंड यांमुळे देशाची सुरक्षा ‘धोक्यात’ आल्याची राष्ट्रपतींची खात्री झाली, की आणीबाणी पुकारता येते. मराठीत धमकी वेगळी आणि धोका वेगळा. धमकी देणारा कोणीतरी असतो. धोका मात्र दिसतो किंवा दाखवला जातो. इंग्रजी ‘थ्रेट’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ जमाव, सैन्याची तुकडी असा होता. दडपण आणि जुलूम हे अर्थही त्याला होते. मूळ धातू रेटण्याचा, ढकलण्याचा. ‘इंट्रूड’ हा शब्द लॅटिनमार्गे त्याच कुळातून आला. या कलमात ‘डेंजर’ही आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ संकट नव्हे, तर सरंजामदाराची सत्ता, म्हणजे इजा करण्याचे सामर्थ्य असा होता.

या व्युत्पत्तीचा प्रत्यय देशाला २५ जून १९७५ च्या रात्री आला. बांगलादेश युद्धाच्या वेळी, डिसेंबर १९७१ मध्ये पुकारलेली आणीबाणी कायम असतानाच ‘अंतर्गत अशांतते’मुळे सुरक्षा धोक्यात असल्याची दुसरी घोषणा झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी समजली. धोका सत्तेनेच ठरवला आणि सत्तेनेच निवारला. रेटा मात्र नागरिकांनी २१ महिने सोसला.

जनता राजवटीतील १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘धोका’ हा शब्द तसाच ठेवला, त्याभोवती कुंपण घातले. ‘अंतर्गत अशांतते’च्या जागी ‘सशस्त्र बंड’ आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवणे बंधनकारक झाले. संसदेच्या मंजुरीची मुदत दोन महिन्यांवरून एक महिन्यावर आली, साध्या बहुमताऐवजी विशेष बहुमत आवश्यक ठरले आणि दर सहा महिन्यांनी नव्याने मंजुरी घेण्याची अट आली. त्यानंतर राष्ट्रीय आणीबाणी एकदाही पुकारली गेलेली नाही.

तथापि ‘अंतर्गत अशांतता’ घटनेतून हद्दपार झालेली नाही. राज्यांचे तिच्यापासून रक्षण करण्याचे केंद्राचे कर्तव्य सांगणाऱ्या ३५५ व्या कलमात ती आजही आहे. शब्दांचे अर्थ कोशात सापडतात. त्यांची व्याप्ती मात्र सभागृहातच ठरते. धोक्याची खातरजमा करण्याचा अधिकार संसदेने जागरूकपणे वापरला, तरच त्या कुंपणाला अर्थ उरतो.