मागच्या आंसांतील जोडचक्रें

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर कात्रज हें घाटाच्या पायथ्याचें ठाणें. येथून पुढें चढ लागतो, वळणें लागतात, आणि जुना बोगदा ओलांडला कीं गाडी खेड-शिवापूरच्या बाजूस उतरूं लागते. किराणा, खतें, सिमेंट घेऊन जाणारीं व परत येतांना भाजीपाला आणणारीं लहान मालवाहू वाहनें, ज्यांस आतां सर्वत्र ‘पिकप’ म्हणतात, कात्रजच्या गॅरेजांपुढें उभीं असतात. त्यांतील एखाद्याचा चालक सांगतो, “मिस्त्री, मागून गुणगुण येतेय.” ही गुणगुण पुष्कळदां मागच्या आंसांतील दंतचक्रांची असते.

या चक्रांचीं कामें तीन. इंजिनाची शक्ति एका लांब दांड्यानें मागें येते. हा दांडा गाडीच्या लांबीस धरून असतो, चाकांचा आंस रुंदीस धरून. फिरण्याची दिशा काटकोनांत वळविण्यासाठीं दांड्याच्या टोंकाला पिनिअन नांवाचें लहान दंतचक्र असतें, व तें क्राउन नांवाच्या मोठ्या चक्राला फिरवितें. पिनिअनला १० व क्राउनला ४१ दांत असले, तर दांड्याच्या ४.१ फेऱ्यांत क्राउनची एक फेरी होते. वेग घटतो, पण त्याच प्रमाणांत ओढ वाढते. म्हणूनच टनभर माल घेऊन गाडी घाट चढते. तिसरें काम वळणावरचें. दोन चाकांतील अंतर दीड मीटर धरलें, तर गाडी पुरी उलट दिशेस वळेपर्यंत बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां सुमारें ४.७ मीटर अधिक चालतें. दोन्ही चाकें एकाच दांड्यास घट्ट जखडलीं असतीं, तर एक तरी फरफटलें असतें. क्राउनला जोडलेल्या पेटींतील लहान चक्रें हा फरक संभाळतात. या पेटीला डिफरन्शियल म्हणतात.

चढणीपेक्षांहि उतारावर या दांतांची कसोटी लागते. शहाणा चालक उतरतांना गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवतो; चाकें इंजिनाला फिरवूं पाहतात व इंजिन त्यांस आवरून धरतें. हा आवर चाकांपर्यंत पोंचतो तो क्राउन व पिनिअन यांच्या एका वेळीं भिडलेल्या दोन-तीन दांतांच्या द्वारें. ते दांत तुटले तर इंजिनाचा आधार क्षणांत नाहींसा होतो व भरल्या गाडीचा सारा भार ब्रेकांवर येतो. तुटका तुकडा मध्यें अडकला, तर मागचीं चाकें जागच्या जागीं जखडतात. तेव्हां ही गुणगुण गाडींतल्या रेडिओचा आवाज वाढवून बुडविण्यासारखी नव्हे.

चांगला मिस्त्री आधीं पाना उचलीत नाहीं. आधीं कान देतो. अॅक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आवाज पाय उचलतांच बदलला, तर संशय क्राउन-पिनिअनवर जातो. केवळ वळणावर खडखड झाली, तर डिफरन्शियलच्या पोटांतील लहान चक्रें किंवा चाकाचें बेअरिंग पाहावें लागतें. टायरहि गुणगुणतात, परंतु रस्त्याचा पृष्ठभाग बदलला कीं त्यांचा सूर बदलतो. शेवटीं वंगण काढून बोटावर घेतलें म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. त्यांत धातूची चकाकी अधिक दिसली, तर आंत झीज चालू आहे. तें दुधाळ दिसलें, तर पाणी शिरलें आहे.

चक्रें बदलावयाचीं ठरलीं म्हणजे पुष्कळ मालकांना एक मोह होतो. पिनिअन झिजला आहे ना, मग तेवढाच घालावा, क्राउन अजून बरा आहे! हा हिशेब खोटा ठरतो. कारखान्यांत बहुतेक क्राउन व पिनिअन घासणीचें द्रव्य लावून एकमेकांवर फिरवून घोटलेले असतात, आणि जोडी ओळखूं यावी म्हणून दोहोंवर एकच क्रमांक कोरलेला असतो. जात्याच्या दोन तळ्यांचें असेंच आहे: एका जात्याची वरची तळी दुसऱ्याच्या खालच्या तळीवर ठेविली तर पीठ नीट पडत नाहीं. नवा पिनिअन जुन्या क्राउनवर बसविला, तर दोघेहि लौकरच जातात. बदलावयाची ती जोडी. आणि काम उघडलेंच आहे तर बेअरिंगें व तेलाचे सीलहि त्याच वेळीं बदलणें हिताचें.

जोडी बसविणें हें खरें कसबाचें काम आहे. पिनिअन किती आंत बसावा हें पातळ चकत्या घालून ठरवितात; त्यांस शिम म्हणतात. दोन चक्रांच्या दांतांत किंचित् मोकळीक ठेवावी लागते. ती पुष्कळ गाड्यांत ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आंकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो व तो डायल गेजनें मोजावयाचा असतो, हातानें हलवून नव्हे. मोकळीक कमी पडली तर दांत तापतात. अधिक झाली तर आदळतात. मग कांहीं दांतांना रंग लावून चक्र फिरवितात. रंगाचा ठसा दांताच्या मध्यभागीं उमटला तर जुळणी बरोबर. मुळाशीं उतरला तर पिनिअन फार आंत गेला आहे, शेंड्याकडे सरकला तर तो दूर राहिला आहे. ठसा मनासारखा येईपर्यंत शिम बदलून पुनः पुनः जुळवावें लागतें. ज्या गॅरेजांत ही परीक्षा होत नाहीं तेथें काम तासाभरानें लौकर संपतें, परंतु गुणगुण महिन्याभरांत परत येते.

वंगणाची निवडहि महत्त्वाची आहे. आजच्या बहुतेक पिकपमध्यें पिनिअन क्राउनच्या मध्यरेषेच्या खालीं बसविलेला असतो. या हायपॉइड रचनेचा उपयोग १९२६ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड मोटारींत झाला. हींत दांत एकमेकांवर घसरत फिरतात. म्हणून इंजिनाचें तेल चालत नाहीं, कंपनीनें सांगितलेलें गिअर ऑइलच लागतें. तें भरण्यापूर्वीं आंसाचें कवच धुऊन जुना कीस काढावा आणि वरची हवानळी मोकळी आहे ना हें पाहावें. ती बुजली तर आंतला दाब वाढून तेल सीलमधून ब्रेकवर झिरपतें, आणि उतारावर त्याचा काय परिणाम होईल हें सांगावयास नको. नव्या चक्रांवर पहिले कांहींशें किलोमीटर पुरता भार घालूं नये व पहिल्या फेरीनंतर गाडी थंड होऊं द्यावी.

घरापुढें भाजी, सिलिंडर वा सामान उतरवून पिकप निघून जाते, तेव्हां तिच्या पोटांतील दोन चक्रांची आठवण कोणासहि होत नाहीं. परंतु गाडीच्या हप्त्यावर ज्याचें घर चालतें त्या चालकाला मिस्त्रीनें आणखी अर्धा दिवस मागितला, तर त्यानें तो खुशाल द्यावा. आणि माल उशिरां आला म्हणून गिऱ्हाइकानेंहि त्याला बोल लावूं नये. तो अर्धा दिवस घाटाच्या उतारावर उपयोगीं पडतो.