क्लिक कोणाचे, पैसे कोणाचे?

वेबसाइटवर गूगल ॲडसेन्सच्या जाहिराती लावल्यात आणि एके दिवशी कमाई अचानक चौपट दिसली? लगेच पेढे वाटू नका! आधी ॲनालिटिक्स उघडा. भेटी तेवढ्याच आणि क्लिक मात्र भरमसाट, तेही एकाच शहरातून किंवा एकाच जाहिरातीवर, तर कुणीतरी खोडी काढतंय. क्लिक अवैध ठरले की गूगल ती रक्कम कापून घेतं, प्रकरण वाढलं तर खातंच बंद होतं. क्लिक तुम्ही केलेत की तुमच्या वैऱ्याने, हे सिद्ध करणं महाकठीण. म्हणून संशय येताच अवैध क्लिक कळवण्याचा गूगलचा फॉर्म भरा, सर्व्हरचे लॉग जपून ठेवा. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, भाचरांनाही करू देऊ नका. आणि स्वस्तात 'ट्रॅफिक' विकणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. त्यात बहुतेक बॉटच असतात.

फसवणुकीचा दुसरा प्रकार म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्याने कमावणं. 'मेथबॉट' टोळीने २०१४ ते २०१६ दरम्यान डेटा सेंटरमधले १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्याने घेऊन हजारो नामांकित वेबसाइटांची सोंगं घेतली आणि जाहिरातदारांना सुमारे ७० लाख डॉलरना लुबाडलं. सूत्रधार अलेक्झांडर झुकोव्हला २०२१ मध्ये अमेरिकेत १० वर्षांची शिक्षा झाली. यावर तोडगा म्हणजे ॲड्स डॉट टीएक्सटी ही वेबसाइटवर ठेवायची फाइल, २०१७ पासूनची. तुमच्या जाहिरातींची जागा विकायचा अधिकार कोणाला, एवढंच त्या साध्या फाइलमध्ये लिहायचं. क्लिकचा मारा तिने थांबत नाही, तोतयेगिरीला मात्र चाप बसतो.