आधी जेलीत, मग माणसात

परवा सात रस्त्यावर रिक्षाची वाट बघत होतो. सोबत गटातल्या एक ताई. छातीत गाठ लागलेली, सोनोग्राफीत बघत सुईनं तिचा तुकडा काढायचा होता. ताई हळूच म्हणाल्या, "शिकाऊ डॉक्टर माझ्यावरच हात बसवणार का गं?"

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गरोदरपण आणि गर्भलिंगनिदान बंदीची पाटी आठवते. पण गाठ तपासणं, पोटात साचलेलं पाणी काढणं, हातापायाची नस बधिर करणं, हेही आता पडद्यावर बघत करतात.

अवघड कुठं आहे? यंत्राला शरीराची एक पातळ चकतीच दिसते. सुई जरा तिरकी गेली की टोक गायब! परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना पिन दिसत नाही, बोटांना कळते. तसंच हे. फक्त इथं एका हातात यंत्र, दुसऱ्यात सुई आणि नजर तिसरीकडेच, पडद्यावर.

सरावाचे तयार नमुने विकत मिळतात, पण महाग. शिवाय टोचून टोचून खराब होतात. म्हणून जेली. गरम पाण्यात जिलेटिन विरघळवायचं आणि त्यात चक्क आपलं इसबगोल घालायचं. नुसती जेली पडद्यावर काळी दिसते. इसबगोलानं ती रवाळ, मांसासारखी दिसते. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९५ साली ही कृती छापली. गाठ म्हणून आत वाटाणा, रक्तवाहिनी म्हणून पाणी भरलेली रबरी नळी. फेस मात्र काढायचा, कारण हवेचा बुडबुडा पांढरा चमकतो आणि खाली सावली पाडतो. सुयांच्या रेघा फार झाल्या की जिलेटिन वितळवून पुन्हा ओतायचं. सोलापूरच्या उन्हात ते पातळ होणार, मग चायना ग्रास बरं; ते उन्हानं वितळत नाही.

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमापासून एमबीबीएसच्या मुलांना असा हात बसवायला कॉलेजात स्किल लॅब लागते. पण जेली दचकत नाही, श्वास घेत नाही, तिला रक्त येत नाही. म्हणून माणसावर पहिल्या काही वेळा मोठे डॉक्टर शेजारी हवेतच. हे विचारायला लाजायचं कशाला?

ताईंनी विचारलं. "आधी किती वेळा केलंय? मोठ्या मॅडम असतील ना?" डॉक्टर रागावले नाहीत. मॅडम येईपर्यंत थांबले, मग जागा बधिर करून तुकडा काढला. रिपोर्टला आम्ही मंगळवारी जातोय.