स्टुडंट पायलट, हातातला बिअरचा कॅन आणि एफएएचा फॉर्म: काय कळवायचं, काय नाही?

ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू येत नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' कमी केलेत.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. आपला एक श्रोता मूळचा नाशिकचा, वय २०, सध्या फ्लोरिडात विमान चालवायला शिकतोय. स्टुडंट पायलट सर्टिफिकेट हातात आहे, मेडिकल झालेलं आहे. एका शनिवारी मित्रांबरोबर बीचवर गेला, हातात बिअरचा कॅन होता, पोलीस आले. गोव्यात १८ व्या वर्षी चालतं, आपल्याकडे महाराष्ट्रात बिअरला २१ लागतात, आणि अमेरिकेतही २१. पोलिसांनी अटक केली, रात्रीच सोडलं. आता कोर्टाकडून पर्याय आलाय: दारूबद्दलचा जागृती क्लास पूर्ण कर, फी भर, केस मिटेल.

त्याचा एक रूममेट म्हणतो, "गाडी चालवत नव्हतास ना? मग कोणाला काही सांगायची गरज नाही." दुसरा म्हणतो, "संपलं करिअर, घरचं तिकीट काढ." आणि हा मला विचारतो, "दादा, एफएएला सांगायचं की नाही?"

आधीच सांगतो, मी वकील नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण नियम वाचायला बसलो तर लक्षात आलं की दोन्ही रूममेट चुकलेत. आणि पहिल्याचं ऐकलं तर जास्त महागात पडेल.

एक प्रश्न नाही, दोन प्रश्न आहेत

सगळा गोंधळ इथे होतो. "एफएएला कळवायचं का" हा एकच प्रश्न आहे असं आपण धरतो. प्रत्यक्षात एफएएमध्ये दोन वेगळे दरवाजे आहेत. एक सिक्युरिटी विभागाचा, दुसरा मेडिकलचा. दोघांचे नियम वेगळे, मुदत वेगळी, आणि एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला सांगितलं असं होत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन सर्व्हर आहेत आणि तुमची एंट्री एकातून दुसऱ्यात आपोआप सिंक होत नाही.

पहिला दरवाजा: ६० दिवसांचं पत्र

नियम ६१.१५ सांगतो की ज्याच्याकडे त्या भागाखालचं सर्टिफिकेट आहे, त्याने प्रत्येक 'मोटर व्हेइकल ॲक्शन' ६० दिवसांच्या आत एफएएच्या सिक्युरिटी विभागाला लेखी कळवायची. स्टुडंट पायलट सर्टिफिकेटही त्याच भागाखाली मिळतं. त्यामुळे "मी तर अजून शिकतोय" ही सबब इथे चालत नाही.

मग मोटर व्हेइकल ॲक्शन म्हणजे काय? थोडक्यात तीन गोष्टी:

- नशेत गाडी चालवल्याबद्दल कोर्टात दोषी ठरणं.
- त्याच कारणामुळे ड्रायव्हिंग लायसन निलंबित किंवा रद्द होणं.
- त्याच कारणामुळे लायसनचा अर्ज नाकारला जाणं.

तिन्हींत गाडी आहे. बीचवर हातात कॅन असणं, रस्त्यावर पिऊन दंगा करणं यात गाडीच नाही, म्हणून नुसत्या अशा केससाठी हे पत्र लागत नाही. आपल्या नाशिककराला इथे सुटका आहे.

ज्यांची केस गाडीची आहे त्यांच्यासाठी दोन बारकावे. पहिला, ६० दिवस अटकेपासून मोजत नाहीत. दोषी ठरल्याच्या किंवा लायसनवर कारवाई झाल्याच्या तारखेपासून मोजतात. दुसरा, एकाच रात्रीतून दोन पत्रं निघू शकतात. समजा कोणी ब्रेथ टेस्टला नकार दिला. त्यासाठी राज्य सरकार कोर्टाची वाट न बघता लायसन निलंबित करू शकतं, ही एक ॲक्शन. सहा महिन्यांनी कोर्टाने दोषी ठरवलं, ही दुसरी. प्रत्येकीचं वेगळं पत्र, प्रत्येकीचे वेगळे ६० दिवस. दुसऱ्या पत्रात "ही आधी कळवलेल्या त्याच घटनेतली आहे" असं लिहायचं असतं. ते महत्त्वाचं आहे, कारण तीन वर्षांत दोन वेगवेगळ्या घटनांमधून दोन ॲक्शन झाल्या तर सर्टिफिकेट निलंबित किंवा रद्द होऊ शकतं.

आणि पत्र पाठवलंच नाही तर? न कळवणं हाच स्वतंत्र गुन्हा धरला जातो. मूळ केस किरकोळ असली तरी त्यासाठी सर्टिफिकेट जाऊ शकतं.

दुसरा दरवाजा: मेडिकलचा फॉर्म

इथे जाळं खूप मोठं आहे. मेडिकल सर्टिफिकेटसाठी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. त्यातला १८ वा प्रश्न "आयुष्यात कधीही" असं विचारतो. त्याचे दोन उपप्रश्न आपल्या कामाचे आहेत.

'व्ही' या उपप्रश्नात दोन भाग आहेत. पहिला: नशेत गाडी चालवल्याबद्दल कधी अटक किंवा शिक्षा झाली का? इथे नुसती अटकही मोजतात. वकिलाने नंतर केस साध्या बेदरकार ड्रायव्हिंगवर आणली, तरी अटक झाली होती ना? मग उत्तर 'हो'. दुसरा: असा कुठला गुन्हा, ज्याच्या अटकेमुळे, शिक्षेमुळे किंवा प्रशासकीय कारवाईमुळे ड्रायव्हिंगचा परवाना गेला, किंवा शिक्षणाच्या अथवा पुनर्वसनाच्या कार्यक्रमाला जावं लागलं?

दुसरा भाग परत वाचा. त्यात गाडीची अट नाही. बीचवरची बिअर, अटक, त्यातून जागृती क्लास. म्हणजे आपल्या नाशिककराचं उत्तर 'हो'. केस मिटली, रेकॉर्डवर शिक्षा नाही, तरीही 'हो'. काही राज्यांत तर २१ च्या आत दारू बाळगल्याबद्दल कोर्ट ड्रायव्हिंग लायसनही निलंबित करतं, गाडी जवळ नसली तरी. त्याचंही उत्तर इथे 'हो'च.

'डब्ल्यू' हा उपप्रश्न वाहतुकीशी संबंध नसलेल्या गुन्ह्यांच्या शिक्षेबद्दल आहे, अगदी किरकोळ गुन्ह्यांसकट. फ्लोरिडात २१ च्या आत दारू बाळगणं हा किरकोळ वर्गातला असला तरी फौजदारी गुन्हाच आहे. क्लास न करता त्याने दंड भरून गुन्हा कबूल केला आणि दोषी ठरला, तर इथे 'हो'.

आणि हो, प्रश्नात देशाचं नाव नाही. पुण्यात कधी 'ड्रंक अँड ड्राइव्ह'मध्ये सापडला असाल तर "ते इंडियातलं होतं" म्हणून सोडून देऊ नका.

मुदतीचा फरकही लक्षात घ्या. मेडिकलवाल्यांना घटनेनंतर लगेच पत्र पाठवायचं नसतं, पुढचा फॉर्म भराल तेव्हा सांगायचं. पण फॉर्मवर 'हो' लिहिलं म्हणजे ६० दिवसांचं पत्र दिलं असं होत नाही. ही चूक चांगले शिकलेले लोकही करतात.

'हो' लिहिलं तर काय होतं?

बहुतेक वेळा कागद मागतात. पोलीस रिपोर्ट, कोर्टाचा निकाल, क्लासचं सर्टिफिकेट, आणि काय घडलं ते तुमच्या शब्दांत. एकच घटना, गाडी नाही, व्यसनाची लक्षणं नाहीत, तर थोडा उशीर होईल, पण करिअर संपत नाही. गाडीच्या केसमध्ये रक्तात अल्कोहोल ०.१५ टक्के किंवा जास्त सापडलं, किंवा टेस्टलाच नकार दिला, तर प्रकरण गंभीर होतं आणि व्यसनाबद्दल तज्ज्ञाकडून तपासणी मागितली जाते.

आणि 'नाही' लिहिलं तर?

फॉर्मवर सही करताना तुम्ही एफएएला नॅशनल ड्रायव्हर रजिस्टर तपासायची परवानगी देता. लायसनवरच्या कारवाया तिथे दिसतात. म्हणजे व्हॅलिडेशन सर्व्हरवर होणार आहे, ब्राउझरमध्ये काहीही टाइप करा. आणि जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं निघालं तर नुसतं मेडिकल नाही, तुमच्याकडची सगळी पायलट सर्टिफिकेट्स रद्द होऊ शकतात. शिवाय सरकारी फॉर्मवर खोटं लिहिणं हा संघराज्याच्या कायद्याखाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. बिअरच्या एका कॅनसाठी एवढी किंमत कोण देईल?

मग करायचं काय?

- कोर्टात काहीही कबूल करण्याआधी विमानवाहतुकीचे कायदे जाणणाऱ्या वकिलाशी बोला. साध्या वकिलाला क्लास ही सोपी सुटका वाटते, पण त्याचा फॉर्मवर काय परिणाम होतो हे त्याला माहीत असेलच असं नाही.
- प्रत्येक कागदाची प्रत ठेवा. दहा वर्षांनी एअरलाइनच्या मुलाखतीआधी लागेल.
- गाडीची केस असेल तर निकालाच्या दिवशीच कॅलेंडरवर ६० दिवसांचा रिमाइंडर लावा. पत्र पाठवल्याचा पुरावा जपा.
- एकदा सांगितलं की पुढच्या प्रत्येक फॉर्मवर 'हो' लिहा आणि "आधी कळवलं आहे, बदल नाही" अशी नोंद करा. एकदा 'हो', पुढच्या वेळी 'नाही' असं करू नका.
- तुम्ही व्हिसावर आहात. नशेत गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी अमेरिका व्हिसा रद्द करू शकते. म्हणून शाळेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी आणि इमिग्रेशन वकिलाशीही बोला.

तर मित्रा, तुझं उत्तर: सिक्युरिटीला पत्र नको, पुढच्या मेडिकलच्या फॉर्मवर 'हो', सोबत कागद. आणि घरी आईबाबांनाही सांगून टाक. तो फॉर्म कुठला कायदा मागत नाही, पण कोर्टाचे कागद व्हॉट्सॲपवर कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं बरं.

पुढच्या भागात भेटू. असाच काही प्रश्न अडला असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव जाहीर करणार नाही. ऐकत राहा!